गरज आणि हक्क : युद्धकाळातील स्त्री आणि युद्धानंतरची स्त्री

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दहावीच्या वर्गात आम्ही दुसऱ्या महायुद्धाचे परिणाम शिकवत होतो. पुरुष रणांगणावर गेल्यामुळे स्त्रिया घराबाहेर पडल्या, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करू लागल्या व त्यामुळे समाजातील त्यांचे स्थान बदलले, असे मुद्दे फळ्यावर लिहून दिले. मुले-मुली वहीत उतरवून घेत होती. इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझी पणजी तर युद्धाच्या आधीपासूनच बाहेर कामाला जात होती. मग ती कोणत्या युद्धामुळे बाहेर पडली?"

वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेऊन आणि इतकी वर्षे अध्यापन करूनही हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता. 'स्त्रिया घराबाहेर पडल्या' हे वाक्य ज्यांनी प्रथम लिहिले, त्यांच्या नजरेसमोर उंबऱ्याच्या आतली स्त्री होती. शेतमजुरी करणारी, रस्त्याची खडी फोडणारी, विड्या वळणारी, गिरणीत आणि खाणीत राबणारी आमची आजी-पणजी त्या वाक्यात नव्हतीच. तिला उंबरा ओलांडण्यासाठी महायुद्धाची वाट पाहावी लागली नाही. पोटाच्या आगीने तिला पिढ्यान्‌पिढ्या बाहेर काढले होते.

तेव्हा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. युद्धाने स्त्रीच्या कामात, मजुरीत आणि अधिकारात कोणता बदल केला? युद्ध संपल्यावर त्यातले काय टिकले आणि काय काढून घेतले गेले? आणि जे टिकले, ते कशामुळे टिकले? त्या मुलीला त्या दिवशी आम्ही समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो अपुरा राहिलेला धडा माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव-भगिनींसमोर मांडत आहोत.

पहिल्या महायुद्धाची साक्ष

प्रारंभ इंग्लंडपासून करू, कारण पाठ्यपुस्तकातले उदाहरण बहुधा तिथलेच असते. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि लाखो पुरुष सैन्यात गेले. त्यांच्या जागी स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत, ट्राममध्ये, बसमध्ये आणि शेतांवर कामाला आल्या. टीएनटी हे स्फोटक हाताळणाऱ्या मुलींची त्वचा पिवळी पडत असे, म्हणून लोक त्यांना कॅनरी पक्ष्याच्या नावाने ओळखत. त्या विषारी कामासाठी त्यांची वाहवा झाली, पण बहुतेक ठिकाणी मजुरी पुरुषांहून कमीच राहिली. ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या बस आणि ट्राममधील स्त्री-कामगारांनी संप केला. पुरुषांना दिलेला युद्धभत्ता त्यांना नाकारण्यात आला होता. काम तेच, मग भत्ता वेगळा का, असा त्यांचा साधा सवाल होता. संप करून त्यांनी तो भत्ता मिळवला.

युद्ध संपले आणि १९१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने युद्धपूर्व पद्धती पुन्हा प्रस्थापित करण्याचा कायदा केला. युद्धकाळात कारखान्यांतून जे नियम शिथिल केले होते ते पूर्ववत करावेत, असा त्याचा आशय. त्याचा परिणाम म्हणून असंख्य स्त्रियांना कामाची जागा सोडावी लागली. काल जिची राष्ट्रसेविका म्हणून छायाचित्रे छापली जात होती, तिलाच आज परत आलेल्या सैनिकाची नोकरी बळकावणारी म्हटले जाऊ लागले.

स्त्रियांना १९१८ मध्ये मताधिकार मिळाला, तो युद्धातील सेवेचे बक्षीस म्हणून, असे अनेकदा सांगितले जाते. थोडे बारकाईने पाहिले तर हे विधान टिकत नाही. त्या कायद्याने मत मिळाले ते तीस वर्षांवरील आणि मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना. दारूगोळ्याच्या कारखान्यात हात पिवळे करून घेणारी मुलगी बहुधा विशी-पंचविशीतली आणि गरीब घरची होती. तिला मत मिळाले नाही. पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार यायला १९२८ साल उजाडावे लागले. फ्रान्सच्या स्त्रियांनीही त्याच युद्धात तितकेच कष्ट उपसले, पण त्यांना मताधिकाराचा निर्णय १९४४ पर्यंत लाभला नाही. केवळ युद्धातील श्रमांनी हक्क मिळत असता, तर या दोन देशांत एवढे अंतर पडले नसते.

हा अनुभव आमच्या समाजाला अपरिचित नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांची गरज भासली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी करण्यात आली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुन्हा युद्ध आले तेव्हा १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. गरज लागली की बोलावणे आणि गरज संपली की दार लावून घेणे, हा व्यवहार आमच्या आजोबा-पणजोबांनी अंगावर झेललेला आहे.

कोळशाच्या खाणीतील स्त्री

आता त्या मुलीच्या पणजीकडे वळू. पुढच्या सुट्टीत गावी जाऊन ती मुलगी आजीला विचारून आली. पणजी चांदा जिल्ह्यातल्या कोळशाच्या खाणीवर कामाला होती, आणि लढाईच्या दिवसांत काही काळ खाली, जमिनीच्या पोटात उतरत होती, एवढे तिला समजले. घरात पणजीचा फोटो नाही की कामाचा एखादा कागद नाही. आजीच्या आठवणीत मात्र एक वाक्य राहिले होते : खाली होती तेव्हा पणजीला गड्याइतकी मजुरी मिळत होती; वर आल्यावर ती कमी झाली. या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे.

हिंदुस्थानातील कोळशाच्या खाणींत स्त्रिया प्रारंभापासून होत्या. झरिया आणि राणीगंजच्या पट्ट्यात, तसेच मध्य प्रांतातही, नवऱ्याने कोळसा फोडायचा आणि बायकोने तो टोपलीत भरून गाडीपर्यंत वाहायचा, अशी कामाची जोडी असे. या स्त्रिया बहुतांशी आदिवासी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींमधल्या होत्या. अंधार, पाणी, धूळ आणि दरडीचे भय यांत त्यांनी गरोदरपणीही काम केले. १९२९ पासून त्यांना भूगर्भातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढण्याचे धोरण सुरू झाले. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने स्त्रियांच्या भूगर्भातील कामावर बंदी घालणारा करार संमत केला आणि १९३७ मध्ये आपल्याकडे ही बंदी पूर्णपणे अमलात आली. बंदीचा हेतू चांगला होता. पण ज्या कुटुंबाचे पोट दोघांच्या मजुरीवर चालत होते, त्याचे एक वेतन गेले आणि त्याच्या बदल्यात कोणी दुसरे काम दिले नाही.

पुढे दुसरे महायुद्ध आले. रेल्वे, गिरण्या आणि पोलादाचे कारखाने यांना कोळसा हवा होता. खाणीतले मजूर अधिक मजुरीसाठी विमानतळ, रस्ते आणि लष्करी बांधकामांकडे निघून गेले. कोळशाचे उत्पादन घसरले. तेव्हा १९४३ मध्ये सरकारने बंदी उठवली. प्रारंभ आमच्या मध्य प्रांतापासून झाला, आणि पुढे बंगाल, बिहार व ओरिसातही स्त्रिया पुन्हा खाली उतरू लागल्या. सहा वर्षांपूर्वी जे काम स्त्रीच्या प्रकृतीला घातक ठरवले होते, ते युद्धाच्या गरजेपुढे तिला पुन्हा करता येण्याजोगे ठरले.

मजूरमंत्र्यांपुढील पेच

या वेळी व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात त्यांनी ते पद सांभाळले. त्यामुळे हा निर्णय विधिमंडळात मांडण्याची आणि त्याचे समर्थन करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. हा प्रसंग आपल्या व्याख्यानांतून फारसा सांगितला जात नाही. आमच्या मते तो सांगितलाच पाहिजे.

अखिल भारतीय महिला परिषदेने बंदी उठवण्याला कडाडून विरोध केला. मध्यवर्ती कायदेमंडळात रेणुका राय यांनी या स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न लावून धरला. फेब्रुवारी १९४४ मध्ये तहकुबीच्या सूचनेवर चर्चा झाली. बाबासाहेबांनी उत्तर देताना हा निर्णय आणीबाणीतला, तात्पुरता असल्याचे स्पष्ट केले. त्याचबरोबर सरकारने घातलेल्या अटीही सभागृहापुढे ठेवल्या. साडेपाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या बोगद्यात स्त्रीला कामाला लावायचे नाही, ही एक अट. भूगर्भात काम करणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी द्यायची, ही दुसरी आणि अधिक महत्त्वाची अट. समान कामाला लिंगभेद न करता समान वेतन हे तत्त्व या देशातील उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत आहे, याकडे त्यांनी सभागृहाचे लक्ष वेधले. चांदा जिल्ह्यातल्या त्या आजीच्या स्मरणात राहिलेली 'गड्याइतकी मजुरी' ती हीच.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. खाण प्रसूतिलाभ कायद्यात १९४३ आणि १९४५ मध्ये दुरुस्त्या झाल्या. दुसरी दुरुस्ती विशेषतः भूगर्भात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी होती. १९४४ च्या प्रारंभी कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभारण्यात आला. या कामाचे मूळ जुने होते. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतपणाच्या काळात स्त्रीला मिळणारी विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न आहे, अशी भूमिका बाबासाहेबांनी घेतली होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

मग १९४३ चा निर्णय योग्य होता काय? बाबासाहेबांवरील श्रद्धेपोटी या प्रश्नाला बगल देणे हा त्यांच्या शिकवणीचाच अवमान ठरेल. विरोध करणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे खोटे नव्हते, कारण खाणीचे पोट खरोखरच जीवघेणे होते. पण खाणीवर राबणाऱ्या स्त्रीला त्या काळच्या महागाईत पुरुषाइतकी मजुरी मिळणे हेही खोटे नव्हते. आम्हाला असे वाटते की बंदी उठवणे ही युद्धाची गरज होती आणि ती साम्राज्य सरकारने पुढे केली. त्या गरजेच्या दस्तऐवजात समान वेतनाचा हक्क लिहून घेणे, हे बाबासाहेबांचे काम होते. गरज आणि हक्क यांतला भेद इथे स्पष्ट दिसतो.

बंदी परत आली

युद्ध १९४५ मध्ये संपले. १ फेब्रुवारी १९४६ पासून स्त्रियांच्या भूगर्भातील कामावर पुन्हा बंदी लागू झाली. सरकारने दिलेला शब्द पाळला, असे म्हणता येईल. परंतु खाली उतरलेल्या स्त्रीच्या बाजूने पाहिले, तर १९३७ ची कथा दुसऱ्यांदा घडली. तिच्याकडे जमिनीवरची कमी मजुरीची कामे उरली किंवा तीही उरली नाहीत. समान वेतनाची अट ज्या कामाला जोडलेली होती, ते कामच तिच्या हातून गेले. १९५२ च्या खाण कायद्यातही ही बंदी कायम राहिली. यंत्रे येत गेली तसे खाण कामगारांमधील स्त्रियांचे प्रमाण पुढच्या दशकांत घटतच गेले. धोक्यापासून संरक्षण हवेच; परंतु संरक्षणाच्या नावाखाली पर्यायी काम न देता स्त्रीला दूर सारले, तर धोका जातो आणि त्याबरोबर भाकरीही जाते.

शिकलेल्या स्त्रियांचा अनुभव याहून फारसा निराळा नव्हता. १९४२ मध्ये हिंदुस्थानात स्त्रियांचे सहायक सेनादल उभे राहिले. त्यातील स्त्रियांनी टंकलेखन, बिनतारी संदेशवहन आणि कचेरीची कामे लष्करी गणवेशात केली. युद्धानंतर ते दल विसर्जित झाले. वैद्यकीय आणि परिचर्येच्या शाखा सोडल्या, तर भारतीय सेनेत अधिकारी म्हणून स्त्रियांना पुन्हा प्रवेश मिळाला तो १९९२ मध्ये.

१९४२ चे नागपूर

खाणीतल्या स्त्रीबद्दल दिल्लीत निर्णय होत होते, पण तिला कोणी विचारले नव्हते. तिला काय हवे होते, हे समजून घ्यायचे असेल तर थोडे मागे, त्याच युद्धकाळातील नागपूरला यावे लागेल. जुलै १९४२ मध्ये तिथे दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली आणि तिला जोडून २० जुलैला स्वतंत्र महिला परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. हजारोंच्या संख्येने स्त्रिया जमल्या होत्या. समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, ही बाबासाहेबांची सुप्रसिद्ध कसोटी याच परिषदेतील भाषणातली आहे.

या परिषदेने केलेले ठराव आजही वाचावेत असे आहेत. पत्नीला काडीमोडीचा हक्क असावा आणि एकाहून अधिक बायका करण्यास कायद्याने मनाई असावी. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांना रजा, अपघाताची भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांना प्रतिनिधित्व असावे. मुलींच्या शिक्षणासाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे काढावीत.

या स्त्रियांनी युद्धाकडे बक्षीस मागितले नाही. आम्ही आधीपासूनच राबत आहोत, त्या श्रमांच्या अटी आता कायद्याने ठरवा, असे त्यांचे म्हणणे होते. हे बळ एका रात्रीत आलेले नव्हते. नागपूर स्टेशनवर हमाली केलेल्या जाईबाई चौधरी यांनी १९२२ मध्ये चोखामेळा कन्या पाठशाळा काढली होती. गिरणी कामगार राधाबाई कांबळे यांनी १९२९ मध्ये श्रमविषयक रॉयल कमिशनपुढे साक्ष दिली होती. युद्ध येण्यापूर्वीच या भूमीतील स्त्री बोलू लागली होती.

जे लिहिले गेले ते टिकले

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहू. युद्धाने दिलेले भूगर्भातील काम १९४६ मध्ये गेले. युद्धाने दिलेला लष्करी गणवेश गेला. याउलट नागपूरच्या ठरावांतील एकपत्नीत्व आणि घटस्फोट हे विषय हिंदू कोड बिलात आले. त्या बिलाची उपेक्षा झाली म्हणून, अन्य कारणांबरोबरच, बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पण १९५५ च्या विवाह कायद्याने दोन्ही गोष्टी मान्य केल्या, आणि त्यांना पुन्हा कोणी हात लावू शकले नाही. खाणीत अडीच वर्षे टिकलेले समान वेतनाचे तत्त्व संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात जाऊन बसले. त्याचा देशव्यापी कायदा व्हायला १९७६ साल उजाडले, तरी तत्त्व पुसले गेले नाही. प्रसूतिलाभाचा कायदा १९६१ मध्ये सर्व देशासाठी झाला. स्थानिक संस्थांतील प्रतिनिधित्वाची मागणी १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी पूर्ण केली.

आणि बंद झालेली दारे? २०१९ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांना त्यांच्या संमतीने, ठराविक वेळेत, भूगर्भातील तांत्रिक आणि पर्यवेक्षणाच्या कामांवर जाण्याची मुभा दिली. १९४६ नंतर तब्बल ७३ वर्षांनी एखादी खाण अभियंता मुलगी हक्काने खाली उतरू शकली. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेनेतील स्त्री-अधिकाऱ्यांच्या कायमस्वरूपी नियुक्तीच्या बाजूने निकाल दिला. त्यासाठी त्या अधिकारी वर्षानुवर्षे न्यायालयात लढत होत्या आणि त्यांच्या हाती समतेची ग्वाही देणारे संविधान होते.

आमच्या अंगणातील प्रश्न

हा धडा खाणीपुरता आणि युद्धापुरता राहिला असता, तर स्मरणिकेत लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. युद्धासारखे संकट आमच्याही दारात येऊन गेले. २०२० च्या टाळेबंदीत निवासी शाळा रिकामी झाली आणि मुले-मुली आपापल्या गावी गेली. घरात एकच मोबाईल असला तर तो बहुधा भावाच्या हाती राहिला. बहीण आईबरोबर निंदणीला, कापूस वेचायला गेली, धाकट्यांना सांभाळू लागली. त्या कठीण दिवसांत तिने घर उभे धरले, यात शंका नाही. शाळा पुन्हा उघडली तेव्हा मुलगे जवळजवळ सर्व परत आले. मुलींपैकी काही आल्या नाहीत. दोघींची तर लग्ने उरकून टाकल्याचे आम्हाला नंतर कळले. हजेरीपटावरची ती रिकामी नावे आम्ही विसरू शकत नाही. आम्ही त्यांच्या घरी वेळेवर पोहोचलो नाही, ही चूकही आम्ही इथे मान्य करतो.

१९१९ मध्ये इंग्लंडच्या कारखान्यात आणि १९४६ मध्ये खाणीवर जे झाले, तेच इथे लहान प्रमाणावर झाले. संकटात मुलीचे श्रम घराने वापरले आणि संकट सरल्यावर तिची जागा तिला परत दिली नाही. कारण ती जागा तिचा हक्क आहे, असे आपण घरात कधी निश्चित केलेलेच नव्हते. परिस्थिती बरी असेल तर मुलगी शिकेल, हे वाक्य आजही अनेक घरांत ऐकू येते. मुलाच्या बाबतीत ते कोणी उच्चारत नाही.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आपण आता मिळवते आहात, कोणी शिक्षक, कोणी कर्मचारी, कोणी अधिकारी आहात. घराच्या सातबाऱ्यावर आणि मालमत्तापत्रकावर पत्नीचे नाव आहे का, हे एकदा पाहा. लेकीचे शिक्षण कितवीपर्यंत, हा प्रश्न घरात विचारला जात असेल तर तो तिच्यासाठी बंद करा. गावातली एखादी मुलगी शाळेतून गळत असेल तर तिच्या आईवडिलांशी बोला आणि आम्हाला कळवा. नागपूरच्या त्या स्त्रियांनी १९४२ मध्ये, ऐन युद्धात, मुलींसाठी वसतिगृह मागितले होते. आपल्या शाळेतील मुलींच्या वसतिगृहातील प्रत्येक खाट ही त्या मागणीचे फळ आहे. ती रिकामी राहू नये.

पालक-भगिनींना आणखी एक विनंती. आपल्या आजीने, सासूने, आईने कोणते काम केले, किती मजुरीवर केले, ते काम कसे मिळाले आणि कसे गेले, हे मुलांना सांगा आणि वहीत लिहून घ्या. त्या मुलीच्या पणजीचा कागद कोणी ठेवला नाही. आजीच्या एका वाक्यामुळे तिचा इतिहास आम्हाला सापडला.

ती मुलगी पुढे परिचारिकेचे शिक्षण घेऊन नोकरीला लागली. मागच्या वर्षी भेटीस आली तेव्हा तिने पहिल्या पगाराची पावती दाखवली आणि सांगितले की, ही जपून ठेवणार आहे. त्या पावतीवर तिचे पूर्ण नाव होते.

वर्गात आणि घरात चर्चेसाठी प्रश्न

१. युद्धकाळात स्त्रियांना मिळालेली कोणती कामे युद्धानंतर गेली आणि कोणते हक्क टिकले? कारणे द्या.

२. स्त्रियांच्या संरक्षणासाठी घातलेली बंदी त्यांच्या उपजीविकेवर घाला घालू नये, यासाठी कायद्यात काय असावे?

३. १९४२ च्या नागपूर महिला परिषदेच्या ठरावांपैकी कोणती मागणी आपल्या गावात अजून अपुरी आहे?

४. आपल्या घरातील सर्वांत वयस्क स्त्रीची मुलाखत घ्या आणि तिच्या श्रमांचा इतिहास एका पानात लिहा.